पिंग जातोय, ओएसपीएफ फुल आहे, मग मल्टिकास्ट का नाही?

फ्रेम रिलेवर (प्रोव्हायडरकडून भाड्याने घेऊन ऑफिसं जोडायची जुनी सेवा) मल्टिकास्ट, म्हणजे एकच स्ट्रीम मागणाऱ्या अनेकांना पाठवणं, का अडकतं आणि तो फॉल्ट कसा शोधायचा ते सांगतो. आता फ्रेम रिले कोण वापरतं, हा प्रश्न येणारच म्हणून त्याचं उत्तर आधीच देतो. सिस्कोच्या सीसीआयई राउटिंग-स्विचिंग परीक्षेचं पाचवं व्हर्जन २०१४ मध्ये आलं तेव्हा लॅबमधून फ्रेम रिले गेलं, २०१६ मध्ये सीसीएनए या सोप्या परीक्षेमधूनही काढलं, आणि आज नवीन पीव्हीसी (दोन ठिकाणांमधलं कायमचं व्हर्च्युअल सर्किट) मागायला कुणी जात नाही, हे सगळं खरं आहे. पण फ्रेम रिलेवर मल्टिकास्टला जे त्रास व्हायचे ते जवळजवळ तसेच आज डीएमव्हीपीएनच्या (इंटरनेटवरून ब्रँच जोडणारं व्हीपीएन) टनेलवर होतात, फक्त कमांडची नावं बदललीत. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी आधी जीएनएस३ (कॉम्प्युटरवर राउटर चालवून बघायचं सॉफ्टवेअर) मध्ये फ्रेम रिलेचा लॅब लावायला सांगतो, त्यात फ्रेम रिले स्विच तयारच मिळतो, चार राउटर टाकले की झालं. एकदा तिथे मल्टिकास्ट का अडकतं ते हाताने बघितलं ना, की पुढे कुठल्याही हब-स्पोक नेटवर्कवर (मधलं मुख्य ऑफिस हब, त्याला जोडलेल्या ब्रँच स्पोक) तुम्हाला कुठे बघायचं ते कळतं.

लॅब असा समजा. पुणे हब, १०.१.१.१. नाशिक १०.१.१.२, कोल्हापूर १०.१.१.३, नागपूर १०.१.१.४. सगळे एकाच सबनेटमध्ये, पण पीव्हीसी फक्त पुण्याशी, नाशिक-कोल्हापूर थेट सर्किट नाही कारण प्रत्येक पीव्हीसीचे पैसे लागायचे आणि कुणीच फुल मेश घ्यायचं नाही. हबला एकच सिरियल इंटरफेस, त्यावर तीन डीएलसीआय, म्हणजे प्रत्येक पीव्हीसीचा एक नंबर.

आता सगळी मेख इथे आहे. हबच्या राउटरला तो सिरियल इंटरफेस दिसतो एक, सबनेट दिसतं एक, त्यामुळे पिम (राउटरांमधला मल्टिकास्टचा प्रोटोकॉल) त्याला लॅन समजूनच वागतं. लॅनवर म्हणजे चाळीच्या कॉमन गॅलरीत एकाने हाक मारली की सगळ्या खोल्यांत ऐकू जाते, आणि इथे तसं अजिबात नाही, इथे प्रत्येक खोलीत एकच फोन आहे आणि तो फक्त पुण्यालाच लागतो. नाशिक जे बोलतं ते कोल्हापूरला ऐकू येत नाही, कधीच नाही, आणि पिमचे बरेचसे नियम मात्र सगळ्यांना सगळं ऐकू येतं हे गृहीत धरून लिहिलेत. खाली जेवढे फॉल्ट सांगतोय ते जवळपास सगळे या एका गोष्टीतून निघतात.

पहिली तपासणी अगदी साधी, शो आयपी पिम नेबर. ती हबवरही मारा आणि प्रत्येक स्पोकवरही मारा, एकाच बाजूने बघून पुढे जाऊ नका. पिमचा हॅलो (शेजारच्या राउटरला मी आहे असं सांगणारा मेसेज) दर ३० सेकंदांनी २२४.०.०.१३ ला जातो, म्हणजे तो स्वतःच मल्टिकास्ट आहे, आणि फ्रेम रिलेवर मल्टिकास्ट जायला मॅप स्टेटमेंटच्या (कुठला आयपी कुठल्या डीएलसीआयवर ते सांगणारी ओळ) शेवटी ब्रॉडकास्ट हा शब्द लागतो, तो असेल तरच राउटर त्या डीएलसीआयवर कॉपी टाकतो. इन्व्हर्स आर्पने, म्हणजे राउटरने पलीकडच्याला स्वतःच विचारून, मॅप झाला असेल तर ब्रॉडकास्ट आपोआप येतो, हाताने लिहिलेल्या मॅपला तो आपल्यालाच लिहावा लागतो. आता गंमत बघा, सिरियल इंटरफेसवर फ्रेम रिले चालू केलं की ओएसपीएफचा (राउटरांना रूट कळवणारा प्रोटोकॉल) डिफॉल्ट नेटवर्क टाईप नॉन-ब्रॉडकास्ट असतो, त्यात नेबर कमांडने शेजारी सांगायचा आणि हॅलो युनिकास्टने, म्हणजे थेट त्या एकालाच, जातो, त्यामुळे मॅपवर ब्रॉडकास्ट नसला तरी ओएसपीएफ फुल होतं, म्हणजे शेजार पूर्ण जुळतो, रूट्स येतात, पिंग जातो, युजरचा मेल चालतो, आणि सगळे म्हणतात की लिंक तर एकदम चांगली आहे. पिमचा नेबर मात्र गायब. ओएसपीएफच्या जागी ईआयजीआरपी (दुसरा राउटिंग प्रोटोकॉल) असतं तर ते २२४.०.०.१० वर बोलतं म्हणून तिथेच बोंब झाली असती आणि फॉल्ट पहिल्या दिवशी सापडला असता.

याचाच अर्धा प्रकारही असतो आणि तो जास्त वेळ खातो. स्पोकच्या मॅपवर ब्रॉडकास्ट आहे, हबच्या त्या एका मॅपवर नाही. मग हबला स्पोक नेबर म्हणून दिसतो, स्पोकला हब दिसत नाही, आणि फक्त हबवर लॉगिन करून बघणारा माणूस तासभर दुसरीकडेच शोधत बसतो. शो फ्रेम-रिले मॅपमध्ये प्रत्येक ओळ नीट वाचा, डायनॅमिक की स्टॅटिक, आणि त्यापुढे ब्रॉडकास्ट आहे का.

इन्व्हर्स आर्पवरून आठवलं, हा एक सापळा खूप साईट्सवर असायचा. नाशिकहून कोल्हापूरच्या १०.१.१.३ ला पिंग जात नाही, कारण त्यांच्यात पीव्हीसी नाही तर मॅप कुठून येणार, म्हणून कुणीतरी नाशिकला हबच्याच डीएलसीआयवर कोल्हापूरचा स्टॅटिक मॅप टाकतो. पिंग सुरू, सगळे खूश. पण एखाद्या डीएलसीआयवर आयपीसाठी स्टॅटिक मॅप टाकला की त्या डीएलसीआयवर आयपीचं इन्व्हर्स आर्प बंद होतं. हबचा जुना डायनॅमिक मॅप तेवढ्यापुरता टिकून राहतो म्हणून लगेच काही कळत नाही, मग महिन्याभराने लाईट जाते, राउटर रीबूट होतो, आणि आता नाशिककडे कोल्हापूरचा मॅप आहे पण हबचाच नाही. लोक म्हणतात काल तर चालत होतं आणि आम्ही काही बदललं नाही, आणि ते खोटं बोलत नसतात. स्टॅटिक मॅप टाकायचाच असेल तर हबचाही स्टॅटिकच टाका, ब्रॉडकास्टसकट.

नेबर दोन्ही बाजूंनी दिसले की मग आरपीएफ, म्हणजे रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंगची तपासणी. मल्टिकास्टमध्ये राउटर पॅकेट कुठून आलं ते बघतो, सोर्सकडे जायचा माझा रस्ता ज्या इंटरफेसवर आहे त्याच इंटरफेसवरून आलं तर घेतो, नाहीतर टाकून देतो. फ्रेम रिलेवर इंटरफेस एकच असल्यामुळे लोकांना वाटतं आरपीएफ चुकणारच कसं, पण आरपीएफमध्ये इंटरफेसबरोबर नेबरही असतो आणि इथे तो नेबर चुकतो. समजा कॅमेऱ्याचा सर्व्हर कोल्हापूरच्या १९२.१६८.३.० मध्ये आहे आणि बघणारा नाशिकला. ओएसपीएफ नॉन-ब्रॉडकास्ट किंवा ब्रॉडकास्ट टाईपमध्ये नेक्स्ट हॉप बदलत नाही, त्यामुळे नाशिकच्या राउटिंग टेबलमध्ये १९२.१६८.३.० चा नेक्स्ट हॉप १०.१.१.३ येतो, पुणे नाही. युनिकास्टला याने काही फरक पडत नाही, मॅपमुळे पॅकेट पुण्यावरून फिरून पोचतंच. पण पिमला जॉइन (स्ट्रीम मागणारा मेसेज) कुणाला पाठवायचा ते याच नेक्स्ट हॉपवरून ठरतं, आणि १०.१.१.३ नाशिकच्या पिम नेबर टेबलमध्ये नाहीच, कारण त्याचा हॅलो नाशिकला कधी ऐकूच आलेला नाही. जॉइन पाठवायला माणूसच नाही. शो आयपी आरपीएफ आणि पुढे सोर्सचा ॲड्रेस, ही कमांड नाशिकवर मारा, जो नेबर येईल तो पिम नेबर टेबलमध्ये आहे का बघा, एवढ्या दोन ओळींत हा फॉल्ट पकडता येतो.

उपाय दोन. ओएसपीएफचा नेटवर्क टाईप सगळीकडे पॉइंट-टू-मल्टिपॉइंट करा, मग नेक्स्ट हॉप आपोआप हब होतो, डीआर (सबनेटमधला मुख्य ओएसपीएफ राउटर) निवडायची कटकटही जाते, आणि स्पोक-स्पोकचे ते हाताने टाकलेले मॅप लागतच नाहीत. मला हाच आवडतो. ते करायला डाउनटाईम मिळत नसेल तर स्पोकवर आयपी एमरूट कमांडने सोर्सच्या सबनेटसाठी १०.१.१.१ द्या, ते फक्त आरपीएफसाठी वापरलं जातं, युनिकास्टला हात लागत नाही. पण असे स्टॅटिक एमरूट वाढत गेले की दोन वर्षांनी नवीन माणसाला काहीच कळत नाही, म्हणून डिस्क्रिप्शनमध्ये, डॉक्युमेंटमध्ये, कुठेतरी लिहून ठेवा.

ईआयजीआरपीवाल्यांना हा त्रास सहसा होत नाही, कारण स्प्लिट होरायझन (ज्या इंटरफेसवरून रूट कळला त्यावरूनच परत न देण्याचा नियम) बंद केल्यावर हब पुढे रूट देताना नेक्स्ट हॉप म्हणून स्वतःलाच देतो. कुणी मुद्दाम नो आयपी नेक्स्ट-हॉप-सेल्फ टाकलं असेल तर मात्र तोच प्रॉब्लेम परत.

आता प्रूनचा, म्हणजे स्ट्रीम आता नको असं सांगणाऱ्या मेसेजचा, फॉल्ट, आणि याच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण हा समजला नाही तर बाकीच्या कमांड पाठ करून उपयोग नाही. तक्रार अशी येते की नाशिक आणि कोल्हापूर दोन्हीकडे स्ट्रीम चालू आहे, मधेच कोल्हापूरचं चित्र थांबतं, कधी वीस सेकंद कधी पन्नास, मग आपोआप सुरू होतं. लाईनवर एरर नाही, सीआरसी नाही, लिंक फ्लॅप नाही. प्रोव्हायडरला कॉल लागतो, प्रोव्हायडर म्हणतो सर्किट क्लीन आहे, आणि ते खरंच क्लीन असतं. अशा वेळी बघायचं की नाशिकला त्याच क्षणी कुणी प्लेयर बंद केला का.

झालेलं असं असतं. नाशिकच्या शेवटच्या युजरने स्ट्रीम बंद केली, नाशिकच्या राउटरने पुण्याला प्रून पाठवला. लॅनचा नियम असा की प्रून आला तर लगेच कापायचं नाही, ३ सेकंद थांबायचं, तेवढ्यात दुसऱ्या कुणाला तीच स्ट्रीम हवी असेल तर त्याने तो प्रून ऐकलेला असणार आणि तो लगेच जॉइन पाठवून मला अजून हवंय असं सांगणार. पुणे प्रामाणिकपणे ३ सेकंद थांबतं. पण नाशिकचा प्रून नाशिक-पुणे पीव्हीसीवरच गेला, कोल्हापूरला त्याचा पत्ताच नाही, त्यामुळे कोल्हापूर गप्प. ३ सेकंद संपले, पुण्याच्या आउटगोइंग लिस्टमधून अख्खा सिरियल इंटरफेस गेला आणि कोल्हापूरची स्ट्रीम तुटली. पुढे कोल्हापूर आपला नेहमीचा जॉइन दर ६० सेकंदांनी पाठवतच असतं, तो आला की पुणे परत इंटरफेस जोडतं आणि चित्र सुरू. म्हणून खंड कधी थोडा कधी जास्त, पण साधारण मिनिटाच्या आतच. त्या दोन जॉइनच्या मधे प्रून नेमका कुठे पडला यावर सगळं. यात एकाही राउटरने नियम मोडलेला नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं, लॉगमध्ये एकही एरर येणार नाही आणि तरी युजरची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

उलटी बाजूही बघा. नागपूरने काहीच मागितलेलं नाही, तिथे ६४ केबीपीएसचा सीआयआर (प्रोव्हायडरने हमी दिलेला वेग) आहे, पण पुण्याच्या लिस्टमध्ये अख्खा इंटरफेस आहे म्हटल्यावर राउटर ब्रॉडकास्ट लावलेल्या प्रत्येक डीएलसीआयवर कॉपी टाकतो. नागपूरची लाईन न मागितलेल्या व्हिडिओने भरते आणि तिथले लोक इंटरनेट स्लो आहे म्हणून तक्रार करतात. तिसरी गोष्ट, कोल्हापूरच्या सोर्सची स्ट्रीम नाशिकला द्यायची तर पुण्याला ती ज्या इंटरफेसवरून आली त्याच इंटरफेसवरून परत बाहेर टाकावी लागते, आणि मल्टिकास्टमध्ये इनकमिंग इंटरफेस आउटगोइंग लिस्टमध्ये येऊच शकत नाही. बरोबरच आहे, लॅनवर तसं केलं तर लूप होईल. पण इथे त्यामुळे स्पोक ते स्पोक मल्टिकास्ट बंद.

या तिन्हींवर एकच औषध, हबच्या सिरियल इंटरफेसवर आयपी पिम एनबीएमए-मोड ही कमांड (एनबीएमए म्हणजे नॉन-ब्रॉडकास्ट मल्टि-ॲक्सेस, एकाची हाक सगळ्यांना ऐकू न जाणारं नेटवर्क). हे टाकलं की हब नुसता इंटरफेस लक्षात ठेवत नाही, कुठल्या नेबरने जॉइन केलं तेही लक्षात ठेवतो, प्रत्येक नेबरसाठी वेगळी नोंद. नाशिकचा प्रून आला की फक्त नाशिकची नोंद जाते. नागपूरने मागितलं नाही तर नागपूरला जात नाही. कोल्हापूरवरून आलेलं त्याच इंटरफेसने नाशिकला जातं, कारण नेक्स्ट हॉप वेगळा आहे. टाकल्यावर शो आयपी एमरूट मारून खात्री करा, आउटगोइंग लिस्टमध्ये सिरियलच्या नावापुढे १०.१.१.२ असा स्पोकचा ॲड्रेस दिसला पाहिजे, नुसतं सिरियल दिसलं तर अजून जुनाच मामला चालू आहे. ही कमांड हबवर लागते, स्पोकवर टाकून काही मिळत नाही.

पण एनबीएमए-मोड जॉइनवर चालतो, म्हणजे फक्त स्पार्स मोडवर, जिथे मागेल त्यालाच द्यायचं. डेन्स मोडमध्ये जॉइन मागून स्टेट तयार होतच नाही, आधी सगळीकडे ओतायचं आणि नको असेल त्याने प्रून करायचं, तिथे या कमांडचा काही उपयोग नाही. यातून ऑटो-आरपीचा फॉल्ट निघतो. आरपी म्हणजे स्पार्स मोडमध्ये सोर्स आणि रिसीव्हर जिथे भेटतात तो राउटर, आणि तो कोण हे ऑटो-आरपी सगळ्यांना आपोआप कळवतं. ऑटो-आरपीचे दोन ग्रुप, २२४.०.१.३९ आणि २२४.०.१.४०, हे डेन्स मोडने पसरतात. मॅपिंग एजंट (आरपी कोण ते जाहीर करणारा राउटर) हबवर असेल तर प्रश्न नाही, हबचं बोलणं सगळ्या स्पोकना जातं. मॅपिंग एजंट नाशिकला ठेवला असेल तर त्याची घोषणा पुण्यापर्यंत येते आणि तिथेच संपते, त्याच इंटरफेसने परत बाहेर पडत नाही, मग पुण्याला आरपी माहीत, नाशिकला माहीत, कोल्हापूर-नागपूरला आरपीच नाही. शो आयपी पिम आरपी मॅपिंग चारही राउटरवर मारलं की चित्र स्पष्ट होतं. मॅपिंग एजंट हबवर किंवा हबच्या मागे आणा, नाहीतर एवढ्या छोट्या नेटवर्कला सरळ स्टॅटिक आरपी द्या. स्पोक-स्पोक टनेल टाकून सोडवता येतं पण मला ते उगाच ओझं वाटतं.

ब्रॉडकास्ट क्यू हा अजून एक कोपरा जिथे फारसं कुणी बघत नाही. फ्रेम रिले इंटरफेसवर ब्रॉडकास्ट कॉप्यांसाठी वेगळी क्यू असते, डिफॉल्ट ६४ पॅकेट आकार, सेकंदाला २,५६,००० बाइट आणि सेकंदाला ३६ पॅकेट. हे राउटिंग अपडेटसाठी ठीक आहे. एनबीएमए-मोड नसेल तर मल्टिकास्ट डेटाही इथूनच जातो, आणि २५६ केबीपीएसच्या व्हिडिओची नेहमीची १,३१६ बाइटची पॅकेट धरली तर सेकंदाला साधारण २४ पॅकेट होतात, तीन डीएलसीआय म्हणजे ७० च्या वर. लिमिट ३६. अर्धी पॅकेट तिथेच पडणार, लाईन निम्मी रिकामी असतानाही. शो इंटरफेसमध्ये ब्रॉडकास्ट्स सेंट आणि ड्रॉप्ड असा आकडा येतो, ड्रॉप्ड वाढत असेल तर समजा. त्यात पिमचे हॅलोही याच क्यूमध्ये असतात, ते पडले की १०५ सेकंदांनी नेबरच जातो.

टेस्ट करताना काही गोष्टी सांभाळा नाहीतर नसलेला फॉल्ट शोधत बसाल. रिसीव्हर म्हणून स्पोकच्या लॅन इंटरफेसवर आयपी आयजीएमपी जॉइन-ग्रुप २३९.१.१.१ टाकून सोर्सकडून पिंग करतात, चांगली पद्धत आहे, पण उत्तर युनिकास्टने परत येतं, तेव्हा परतीचा रूट नसेल तर मल्टिकास्ट पोचूनही पिंग फेल दिसतो. पीसीवरून स्ट्रीम पाठवत असाल तर टीटीएल (पॅकेट किती राउटरपर्यंत जगतं तो आकडा) बघा, मल्टिकास्टचा डिफॉल्ट टीटीएल १ असतो, हे स्टीव्ह डिअरिंगने १९८९ च्या आरएफसी १११२ मध्येच ठरवलंय, आणि १ असेल तर पॅकेट पहिल्याच राउटरवर संपतं. आणि डीबग आयपी एमपॅकेटमध्ये काहीच येत नाही म्हणून ट्रॅफिकच नाही असं समजू नका, फास्ट स्विच झालेली पॅकेट त्यात दिसत नाहीत, आधी त्या इंटरफेसवर नो आयपी एमरूट-कॅश लागतं, आणि चालू नेटवर्कवर हे करताना सीपीयूवर डोळा ठेवा.

एक मात्र सांगतो, निवड आपल्या हातात असेल तर एनबीएमए-मोडच्या फंदातही पडू नका. प्रत्येक पीव्हीसीला पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस, प्रत्येकाला आपलं छोटं सबनेट. मग हबला खरंच तीन वेगळे इंटरफेस दिसतात, प्रून वेगळा, आरपीएफ वेगळा, ऑटो-आरपीसुद्धा चालतं, मॅप लिहायची गरज नाही. कॉन्फिग लांबतं, ॲड्रेस जास्त जातात, पण नेटवर्क जे आहे तेच राउटरला दिसतं, आणि यापेक्षा मोठी सोय नाही.

डीएमव्हीपीएनमध्ये मात्र ही निवड नसते, तिथे हबला एकच मल्टिपॉइंट जीआरई टनेल आणि मागे शेकडो स्पोक, हाच त्याचा फायदा. म्हणून वरचं सगळं परत येतं. ब्रॉडकास्ट शब्दाच्या जागी हबवर आयपी एनएचआरपी मॅप मल्टिकास्ट डायनॅमिक, स्पोकवर हबच्या पब्लिक ॲड्रेसचा मल्टिकास्ट मॅप, तो विसरला की तोच फॉल्ट. हबच्या टनेलवर आयपी पिम एनबीएमए-मोड, हुबेहूब तीच कमांड. डीएमव्हीपीएनच्या फेज टू प्रकारात नेक्स्ट हॉप मुद्दाम दुसरा स्पोक ठेवतात, युनिकास्ट थेट जावं म्हणून, आणि पिमचे शेजारी मात्र फक्त हबशीच, त्यामुळे स्पोकच्या मागे सोर्स असेल तर नाशिक-कोल्हापूरची आरपीएफची गोष्ट जशीच्या तशी.

आणि एक हिशोब जो एनबीएमए-मोड टाकूनही सुटत नाही. कॉप्या शेवटी हबच करतो. २५६ केबीपीएसची स्ट्रीम आणि हबला २,०४८ केबीपीएसची ई-वन लाईन, सात स्पोकनी मागितली की १,७९२ गेले, आठव्याने मागितली की लाईन पूर्ण भरली, बाकी कामाला एक बिट नाही. यावर फ्रेम रिले फोरमने १९९४ मध्ये एफआरएफ.७ नावाचा करार काढला होता, कॉपी राउटरने नाही तर प्रोव्हायडरच्या स्विचने करायची, हबने एकदाच पाठवायचं. कल्पना बरोबर होती, डीएमव्हीपीएनमध्ये तेवढंही नाही, खालचं इंटरनेट तुमच्यासाठी कॉपी करत नाही. ४ एमबीपीएसचा कॅमेरा आणि ५० ब्रँच म्हणजे हबच्या अपलिंकवर २०० एमबीपीएस, जीआरई आणि आयपीसेकचं ओझं वरून वेगळं. हबला १०० ची लिंक घेतलेली असेल तर कुठल्याही कमांडने हे बसणार नाही, तिथे बिटरेट खाली आणा किंवा मधे दोन-तीन रीजनल हब टाका, म्हणजे पुण्याने नागपूरला एकच कॉपी द्यायची आणि विदर्भाच्या ब्रँचना नागपूरने.